हिपॅटायटिस बी आणि सी : आपल्या गावात तपासणीपासून उपचारांपर्यंतची वाट कशी तयार करावी

हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज; बी आणि सी हे ती आणणारे दोन विषाणू. हिपॅटायटिस सी झालेल्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक रुग्णांना आज साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे करता येते. हिपॅटायटिस बी रोजच्या एका गोळीने वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो आणि तो होऊच नये म्हणून खात्रीची लस आहे. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात विषाणूजन्य हिपॅटायटिसने जगभरात सुमारे १३ लाख माणसे दगावली. त्या वर्षी २५.४ कोटी लोकांना दीर्घकालीन बी आणि ५ कोटी लोकांना सी होता. बी असलेल्यांपैकी जेमतेम १३ टक्क्यांना आपल्या आजाराची माहिती होती आणि उपचार ३ टक्क्यांनाच मिळत होते. सीच्या बाबतीत हे आकडे ३६ आणि २० टक्के होते. भारतात बीचे अंदाजे २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख रुग्ण आहेत, म्हणजे रुग्णसंख्येत आपल्या पुढे फक्त चीन आहे.

हा लेख या कामात नव्याने पडणाऱ्यांसाठी आहे, मग ते स्वयंसेवी संस्थेचे कार्यकर्ते असोत, आशाताई असोत, गावच्या तरुण मंडळाचे सदस्य असोत किंवा घरातल्या एकाचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक असोत. माझे सांगणे एकच आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करणे सोपे आहे; तपासणीत सापडलेल्या माणसाला पहिल्या गोळीपर्यंत नेणे अवघड आहे आणि बहुतेक माणसे याच मधल्या टप्प्यात गळतात. म्हणून कामाची आखणी उलट्या बाजूने, म्हणजे औषधाकडून तपासणीकडे करावी.

पहिली पायरी : शिबिराची तारीख ठरवण्याआधी उपचार केंद्र गाठा

केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झाला. त्यात बी आणि सी या दोन्हींच्या तपासण्या व औषधे मोफत आहेत. त्यासाठी जिल्हा रुग्णालयांत उपचार केंद्रे आणि निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी आदर्श उपचार केंद्रे नेमलेली आहेत. ही सोय असल्याचे अनेक रुग्णांना ठाऊक नसते, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही खासगी दवाखान्यांतही ते कुणी सांगत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये स्वतः जावे, या कार्यक्रमाचे काम पाहणारे डॉक्टर कोण आहेत ते विचारावे आणि त्यांना प्रत्यक्ष भेटावे. कोणत्या वारी ओपीडी असते? सीच्या आरएनए तपासणीचा (विषाणू आज रक्तात आहे का हे दाखवणारी तपासणी) नमुना तिथेच तपासला जातो की दुसऱ्या शहरात जातो, आणि रिपोर्टला किती दिवस लागतात? औषधांचा साठा सध्या आहे का? रुग्णाने कोणती ओळखपत्रे आणावीत? फायब्रोस्कॅनची (यकृत किती कडक झाले हे मोजणाऱ्या यंत्राची) सोय आहे का, नसेल तर कुठे पाठवतात? ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. शक्य झाल्यास नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचीही ओळख करून घ्यावी, कारण पुढे रुग्ण केसपेपर घेऊन चुकीच्या रांगेत उभा राहील तेव्हा त्याला मार्गी लावणारे तेच असतील.

हा क्रम का महत्त्वाचा आहे, हे इजिप्तच्या अनुभवातून कळते. १९५० ते १९८० च्या दशकांत तिथे बिल्हार्झिया या कृमिरोगाविरुद्ध सरकारी मोहिमेत इंजेक्शने दिली गेली, सुया नीट निर्जंतुक न केल्यामुळे हिपॅटायटिस सी घरोघर पोचला आणि तो देश जगात सर्वाधिक बाधितांपैकी एक ठरला. २०१४ मध्ये इजिप्तने सीवरच्या सोफोसबुव्हिर या औषधाच्या किमतीसाठी कंपनीशी वाटाघाटी केल्या, मग देशातच जेनेरिक गोळ्या तयार होऊ लागल्या, उपचार केंद्रांचे जाळे उभे राहिले आणि प्रतीक्षा याद्या संपल्या. त्यानंतरच, २०१८-१९ मध्ये, सुमारे सात महिन्यांत जवळपास ५ कोटी लोकांची तपासणी झाली. ज्याची चाचणी पॉझिटिव्ह आली त्याला कोणत्या केंद्रात जायचे हे तिथल्या तिथे सांगता आले, कारण केंद्र आणि औषध दोन्ही तयार होते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण’ दर्जा सर्वप्रथम इजिप्तला दिला.

आपल्याकडे पंजाबने २०१६ मध्ये असाच मार्ग धरला. मोठ्या शहरातल्या यकृततज्ज्ञांची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी सीचे उपचार करायचे आणि चंडीगडच्या पीजीआय संस्थेने त्यांना प्रशिक्षण व सल्ला द्यायचा, अशी ती रचना होती. बहुसंख्य रुग्ण तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर बरे होऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरी पायरी : आधी कुणाला तपासायचे?

कावीळ म्हटली की डोळे पिवळे, लघवी पिवळी, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. तशी कावीळ बहुधा दूषित पाण्यातून होणाऱ्या ए किंवा ई प्रकाराची असते आणि ती सहसा आपोआप बरी होते. बी आणि सी रक्तातून, शरीरद्रवांतून आणि आईकडून बाळाला होतात. ते वीस-तीस वर्षे काहीही लक्षण न दाखवता यकृत पोखरतात आणि पोटात पाणी होते तेव्हाच अनेकांना पत्ता लागतो. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

सगळे गाव एका दिवसात तपासण्याचा मोह टाळावा. ज्यांना धोका जास्त, त्यांच्यापासून सुरुवात करावी: गरोदर स्त्रिया, आधीच बाधित असलेल्यांचे जोडीदार, मुले, भावंडे आणि आई, डायलिसिसवर असलेले, थॅलॅसेमिया किंवा हिमोफिलियामुळे वारंवार रक्त घेणारे, पूर्वी, तपासणी काटेकोर नव्हती त्या काळात, रक्त चढवलेले, एचआयव्हीसह जगणारे, सुईने नशा करणारे, रुग्णालयातले सफाई कामगार, परिचारिका आणि लॅबमधले कर्मचारी, आणि ज्यांच्या घरात कुणी यकृताच्या कर्करोगाने गेले आहे ते सर्व. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलेल्यांना आणि ‘सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही’ म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात वर्षानुवर्षे इंजेक्शने घेतलेल्यांनाही विसरू नये. २००९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा परिसरात सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली होती. हा धोका आपल्यापासून फार दूरचा नाही.

आणखी दोन ठिकाणी बाधित माणसे सापडतात, पण त्यांचा पाठपुरावा होत नाही. पहिले ठिकाण रक्तपेढी. महाराष्ट्रात रक्तदान शिबिरे सतत होतात, प्रत्येक पिशवीची बी आणि सीसाठी तपासणी होते आणि दोष आढळल्यास दात्याला कळवणे अपेक्षित असते. मात्र तो निरोप पोचला तरी पुढे कुठे जावे हे त्याला समजत नाही. दुसरे ठिकाण आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी. कोकणातल्या अनेक घरांतली मुले या तपासणीला जातात. बी किंवा सी आढळला तर त्यांच्या कागदावर ‘अनफिट’ असा शिक्का बसतो, नोकरी जाते आणि मुलगा शरमेने तो कागद कपाटात ठेवून देतो. अशा मुलाला शोधून ‘हा आजार उपचारांचा आहे, सिव्हिलला चल’ एवढे सांगणे, हे नव्या कार्यकर्त्याला पहिल्या आठवड्यातही जमण्यासारखे काम आहे.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष तपासणी

तपासणीआधी पाच मिनिटे बोलावे. कशाची तपासणी आहे, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे काय होईल, औषध मोफत आहे आणि निकाल कुणालाही सांगितला जाणार नाही, हे स्पष्ट करून संमती घ्यावी. शिबिरात निकाल पुकारू नये, नावांची यादी टेबलावर उघडी ठेवू नये, बाधितांना वेगळ्या बाकावर बसवू नये. छोट्या गावात एक चूक झाली तरी पुढच्या वेळी कुणी येत नाही.

बीसाठी एचबीएसएजी (बीच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही अशा दोन जलद चाचण्या असतात. त्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यानेच कराव्यात. आपण सोबतीला राहावे आणि नीट पाहावे. बोट स्पिरिटने पुसून कोरडे होऊ द्यायचे, प्रत्येकासाठी नवी लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई) वापरायची, थेंब पट्टीच्या खाचेत सोडायचा आणि त्यावर किटमधल्या द्रावाचे सांगितलेले थेंब घालायचे. पट्टीवरच्या ‘सी’ (कंट्रोल; हिपॅटायटिस सी नव्हे) अक्षरासमोरची रेघ ही चाचणी नीट चालल्याची खूण असते. ती उमटली नाही तर ती पट्टी बाद, मग दुसरी रेघ दिसो वा न दिसो. ‘टी’ (टेस्ट) समोर रेघ उमटली, ती कितीही फिकी असली तरी, चाचणी रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, धरावी. निकाल किटच्या माहितीपत्रकात दिलेल्या मिनिटांतच वाचावा, कारण तासाभराने उमटलेली रेघ ग्राह्य नसते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किट ठेवू नयेत आणि वापरलेल्या लॅन्सेट टोचणार नाहीत अशा जाड डब्यात टाकाव्यात.

चौथी पायरी : रिॲक्टिव्ह आला, आता दुसरी तपासणी

सर्वाधिक गळती इथे होते, म्हणून इथे थांबून काम करावे.

सीची अँटीबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेले प्रथिन) शोधणारी चाचणी, म्हणजे अँटी-एचसीव्ही, एवढेच सांगते की हा विषाणू कधीतरी शरीरात आला होता. सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत आपोआप निघून जातो, पण अँटीबॉडी मागे राहते. विषाणू आज आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए तपासणीनेच कळते. त्यासाठी रुग्णाला ‘पुढच्या सोमवारी या’ असे सांगू नये. जलद चाचणी रिॲक्टिव्ह आली की त्याच दिवशी, त्याच खुर्चीत शिरेतून रक्त घेतले जाईल अशी व्यवस्था लावावी. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला दुसरी फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे, असा दुहेरी भुर्दंड पडतो. नमुन्यातला प्लाझ्मा ठरावीक तासांत वेगळा करून थंड पेटीतून पाठवावा लागतो, त्यामुळे वाहतूक आणि शिबिराची वेळ लॅबशी आधीच जुळवून घ्यावी. क्षयरोगाच्या तपासणीसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत जीनएक्स्पर्ट किंवा गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे असतात. योग्य कार्ट्रिज किंवा चिप मिळाली तर सीच्या विषाणूची मोजणी त्याच यंत्रांवर होऊ शकते. आपल्या तालुक्यात असे यंत्र असल्यास त्यावर ही तपासणी सुरू करण्याची मागणी जिल्हा पातळीवर लेखी करावी.

बीच्या बाबतीत एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक काळ राहिला तर संसर्ग दीर्घकालीन समजतात. पुढे एसजीपीटी व एसजीओटी (यकृताची इजा दाखवणाऱ्या), प्लेटलेट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीईएजी, एचबीव्ही डीएनए (रक्तातले बीच्या विषाणूचे प्रमाण) आणि पोटाची सोनोग्राफी या तपासण्या लागतात. दोन्ही आजारांत एचआयव्हीची तपासणी झालेली असावी, आणि सीचे औषध सुरू करण्याआधी बीची तपासणी करायलाच हवी, कारण सी जाताना दबलेला बी उसळू शकतो.

फायब्रोस्कॅन जवळ नसेल तर यकृत किती खराब झाले आहे याचा अंदाज साध्या रिपोर्टवरून बांधता येतो. समजा, एसजीओटी ८० आहे आणि लॅबची वरची मर्यादा ४० आहे, तर भागाकार २ येतो. प्लेटलेट १ लाख असतील तर त्या हजारांत १०० धराव्यात. २ भागिले १०० गुणिले १०० केले की उत्तर २ येते. याला एप्री गुणांक म्हणतात. तो २ किंवा अधिक असेल तर सिऱ्होसिसची (यकृत व्रणांनी कडक होण्याची) शंका धरून डॉक्टर पुढचे ठरवतात. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो, पण हा हिशोब येत असेल तर कोणत्या रुग्णाला आधी न्यायचे हे कार्यकर्त्याला कळते.

पाचवी पायरी : सीचे उपचार

सोफोसबुव्हिर हे औषध अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आले तेव्हा १२ आठवड्यांच्या उपचारांची किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले, जेनेरिक गोळ्या तयार होऊ लागल्या आणि आज जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरकारी खरेदीत हा संपूर्ण उपचार सुमारे ६० डॉलरमध्ये बसू शकतो. ज्या औषधाने जगातल्या गरीब देशांतले रुग्ण बरे होत आहेत ते मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशात तयार होते, तेव्हा आपल्या तालुक्यातला रुग्ण त्याविना राहणे मला अक्षम्य वाटते.

राष्ट्रीय कार्यक्रमात सिऱ्होसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्व्हिर ६० मिलिग्रॅम अशा गोळ्या १२ आठवडे रोज एकदा देतात. सिऱ्होसिस असल्यास सोफोसबुव्हिर आणि व्हेलपाटास्व्हिर हे एकत्रित औषध दिले जाते. पोटात पाणी झाले असेल, रक्ताची उलटी किंवा भान हरपणे असे काही घडले असेल, तर रिबाव्हिरिनची जोड देऊन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार होतात. गरोदरपणात ही औषधे देत नाहीत.

कार्यकर्त्याने एक गोष्ट आवर्जून करावी: रुग्ण घेत असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायला लावावीत. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन सोफोसबुव्हिरसोबत घेतल्यास ठोके धोकादायकरीत्या मंदावू शकतात आणि क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम घटवते. फिटच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी पुन्हा करायची असते. त्यात विषाणू आढळला नाही तरच रुग्ण बरा झाला असे म्हणतात. बरे वाटू लागल्यामुळे या शेवटच्या तपासणीला बरेच जण येत नाहीत. तारीख पहिल्या दिवशीच त्यांच्या चिठ्ठीवर लिहून द्यावी.

सहावी पायरी : बीचे उपचार

बी असलेल्या प्रत्येकाला लगेच गोळी लागतेच असे नाही, पण नियमित तपासणी प्रत्येकाला लागते. पूर्वी उपचारांचे निकष कडक होते. २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सैल केले: यकृतात लक्षणीय व्रण असतील, किंवा डीएनए २,००० युनिटच्या वर आणि एसजीपीटी मर्यादेबाहेर असेल, किंवा सोबत एचआयव्ही, मधुमेह अथवा घरात यकृताच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर उपचार द्यावेत. डीएनए तपासणी उपलब्ध नसेल तर एसजीपीटी सतत वाढलेला राहणे हाही आधार धरता येतो. त्याआधी ‘आत्ता औषध नको’ म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांना त्यामुळे पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे.

औषध म्हणजे टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोज एक गोळी, बहुधा अनेक वर्षे. एन्टेकाव्हिर उपाशीपोटी घ्यावी लागते. टेनोफोव्हिर घेताना मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून होते. या गोळ्या मनाने बंद करणे जीवावर बेतू शकते, कारण विषाणू एकदम उसळून यकृत निकामी होण्याचा धोका असतो. कामासाठी ऊसतोडीला किंवा मुंबई-पुण्याला जाणाऱ्या रुग्णाला निघण्यापूर्वी जादा महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, किंवा तिथल्या केंद्रात नोंद हलवता येईल का, हे आपण विचारून ठेवावे.

आई आणि बाळ

जन्माच्या वेळी बी झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला झाला तर पाच टक्क्यांहूनही कमी जणांमध्ये. म्हणून प्रत्येक गरोदर स्त्रीची एचबीएसएजी तपासणी व्हावी. विषाणूचे प्रमाण जास्त असेल तर तिला गरोदरपणातच टेनोफोव्हिर देतात. प्रत्येक बाळाला, आईचा रिपोर्ट कसाही असो, जन्मानंतर २४ तासांच्या आत बीच्या लसीचा डोस मिळाला पाहिजे. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून तो मिळतो. आई बाधित असेल तर बाळाला इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार अँटीबॉडींचे) इंजेक्शनही लागते, म्हणून प्रसूती जिथे होणार तिथे ते आहे का याची चौकशी सातव्या-आठव्या महिन्यातच करावी. जगात जन्मताच हा डोस मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण अजून निम्म्याखाली आहे. बाधित आईने बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही.

घरच्यांशी काय बोलावे

ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, शिंकल्याने बी किंवा सी पसरत नाही. ब्लेड, दाढीचे यंत्र, नेलकटर आणि टूथब्रश मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र हवेत. बी असलेल्याच्या घरच्यांनी तपासणी करून, बाधित नसल्यास शून्य, एक आणि सहा महिन्यांनी लसीचे तीन डोस घ्यावेत. सीवर लस नाही.

काविळीची माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणे, झाडपाल्याचा काढा घेणे, हे गावोगाव चालते. ए आणि ई आपोआप बरे होत असल्याने श्रेय माळेला जाते. बी आणि सी तिने जात नाहीत आणि काही काढे आधीच दुखावलेल्या यकृताला आणखी इजा करतात. रुग्णाला टोमणे न मारता, श्रद्धेवर वाद न घालता, फक्त एवढे म्हणावे की माळ घातली असली तरी रक्त तपासायला चला आणि काढा बंद ठेवा. दारूबाबत मात्र संदिग्ध बोलू नये, ती पूर्ण सोडण्यास सांगावे.

नोंदवही

प्रत्येक रिॲक्टिव्ह व्यक्तीसमोर पाच रकाने आखावेत: दुसरी तपासणी कधी झाली, रिपोर्ट कधी आला, केंद्रात नोंद कधी झाली, पहिली गोळी कधी मिळाली, शेवटची तपासणी कधी. दर पंधरवड्याला वही उघडून ज्याचा रकाना रिकामा आहे त्याच्याकडे जावे. एकाच रकान्यात अनेकजण अडकलेले दिसले तर दोष माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे असे समजावे आणि आकड्यांसह जिल्हा रुग्णालयाला लेखी कळवावे. औषधसाठा संपल्याची तक्रार तोंडी करू नये. वही कुलूपबंद ठेवावी.

सिऱ्होसिस झालेला रुग्ण सीतून बरा झाला तरी वहीतून काढू नये, कारण यकृताच्या कर्करोगासाठी त्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी लागते. बाकीच्या बरे झालेल्यांना शेवटच्या आरएनए रिपोर्टची प्रत जपून ठेवायला सांगावे. त्यांची अँटीबॉडी चाचणी पुढेही रिॲक्टिव्हच येत राहील. शस्त्रक्रियेआधी किंवा नोकरीच्या तपासणीत कुणी पुन्हा ‘सी आहे’ असे म्हणाले, तर दाखवायला तो कागद हाताशी असावा.